सव्वीस तारखेचा नाताळ

त्या घरात मला नाव नव्हतं. मी कॉट नंबर तीन होते.

माझं नाव सिस्टरना माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ते विचारलं, माझं ऑफिसचं ओळखपत्र डोळ्यांजवळ नेऊन खात्रीही करून घेतली. मग म्हणाल्या, "छान आहे. पण नावं घेत बसलं की माणसांत जीव अडकतो. तू कॉट नंबर तीन." ही खबरदारी किती उपयोगाची होती ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कॉट नंबर दोन लग्न होऊन गेली, तेव्हा सिस्टरनी आठवडाभर त्या कॉटवर कुणाला टेकूसुद्धा दिलं नाही. गादीला ऊन द्यायचंय, म्हणाल्या. गादी आत, ऊन बाहेर.

त्या एका सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वडगाव शेरीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या, वर आम्ही चौघी नोकरीवाल्या मुली. गल्लीतले सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मेट्रन ही फार मोठी पदवी आहे असं कुणी सांगितलं, तर त्या म्हणत, "मेट्रनला कुणी रात्री हाक मारत नाही. सिस्टरला मारतात."

मी यवतमाळची. खराडीत तेव्हा ज्वारीच्या रानाला लागूनच काचेच्या इमारती उठत होत्या, आणि त्यांतल्या एका इमारतीत मी अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे संगणक रात्रभर सांभाळत असे. तिकडचा दिवस म्हणजे इकडची रात्र. पगार बरा होता, पण राहायला जागा मिळेना. वारज्यापासून वडगावपर्यंत मी निदान डझनभर घरमालकिणी पाहिल्या. रात्रपाळी म्हटलं की त्यांचा चेहरा मिटायचा. एकीनं तर मला नखशिखान्त पाहून सांगितलं, "आमच्याकडे चांगल्या घरातल्या मुली असतात." मी म्हटलं, मीही घरातलीच आहे. त्यावर दार लागलं.

सिस्टरनी मात्र भुवईसुद्धा उचलली नाही. "सलग नाइट किती?"

"पाच."

"ऑफ?"

"दोन."

"बरे आहेत की तुझे अमेरिकन. आम्हाला एक मिळायचा, तोही मागून." मग वरच्या खोलीत जाऊन त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "दिवसा झोपणार म्हणजे जाड पडदे लागतील. भाजीवाल्याला मी सांगते."

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो बिचारा आमच्या घरासमोरून हातगाडी मुक्यानं न्यायला लागला. गल्लीतल्या बायका तक्रार करू लागल्या की भाजी कधी येऊन गेली तेच कळत नाही. सिस्टर म्हणाल्या, "खिडकीत बसा. नाहीतरी बसताच."

चादर घालायची तर कोपरे पाकिटासारखे दुमडूनच, हा त्या घराचा पहिला नियम. रोज सकाळी त्यांचा राउंड असे. पायात कापडी चपला, आवाज नाही. आम्ही डोळे उघडायच्या आत कपाळाला त्यांच्या हाताची पाठ लागायची. ताप नसला की त्या पुढे सरकत, आणि कोपरा नीट नसला की थांबत. आजही मी चादर तशीच घालते. माझा नवरा म्हणतो, या पलंगावर झोपायला आधी केस पेपर काढावा लागेल.

पहाटे कंपनीची गाडी मला सोडायची तेव्हा सिस्टर फाटकाशी उभ्या असत. दूध घ्यायला, असं त्या म्हणत. पण दूध पिशवीत घेऊन झालेलं असे आणि त्या तशाच उभ्या असत. मी आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "काय परिस्थिती?" सुरुवातीला मी "ठीक आहे" म्हणून जिना चढायला लागायची. तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "ठीक आहे हा काय रिपोर्ट झाला? ड्यूटी संपली की हँडओव्हर द्यायचा असतो. दिला नाही तर ती ड्यूटी डोक्यात घेऊन झोपशील, आणि झोप लागणार नाही."

मग मी रोज हँडओव्हर द्यायला लागले. अमुक सर्व्हर रात्री बंद पडला, तमुक फायली अडकल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि त्या ऐकत मात्र अशा की जणू तो सर्व्हर त्यांच्या वॉर्डात दाखल आहे. "मग? आला शुद्धीवर?"

"आला. पण हळू चालतोय."

"हळूच चालणार. लगेच पळवू नका त्याला."

दोन दिवसांनी त्या आठवणीनं विचारत, "त्या हळू चालणाऱ्याचं काय झालं?" माझ्या मॅनेजरनंही कधी त्याची एवढी चौकशी केली नव्हती. आणि खरं सांगते, हँडओव्हर दिला की झोप लागायची.

गल्लीतल्या लोकांना त्या हक्काच्या वाटत, पण हक्क गाजवू देत नसत. एकदा समोरचे गृहस्थ खोकत खोकत आले. सिस्टरनी विचारलं, "डॉक्टरकडे गेलात?"

"नाही, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

"मी चांगली आहे म्हणून विचारताय की फुकट आहे म्हणून?"

ते गृहस्थ खोकला विसरले. सिस्टरनी त्यांना बसवलं, छाती ऐकली, डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी दिली आणि संध्याकाळी स्वतः जाऊन औषध आणलंय का ते पाहून आल्या. तोंडानं कोरडं बोलायचं आणि पायांनी धावायचं, अशी त्यांची रीत होती. पुण्यात पहिली गोष्ट पुष्कळांना जमते.

त्यांचा एक सिद्धांत होता. पेशंट बोलतोय, कुरकुरतोय, शिव्या देतोय तोवर काळजी नाही. गप्प झाला की धावायचं. हा सिद्धांत त्या आमच्यावर सर्रास वापरत. मी आईशी फोनवर भांडले की त्या खालून खुशीत ओरडायच्या, "तब्येत छान आहे तीन नंबरची!" आई तिकडून विचारायची, "कोण बोलून राहिलं गं?" मी सांगायची, मालकीण. आईला ती बाई वेडी वाटे. पण मला पुण्यात ठेवताना आईला जी धास्ती होती ती त्या वेड्या बाईच्या भरवशावरच कमी झाली.

आणि त्यांची प्रार्थना. झोपण्याआधी त्या देव्हाऱ्यासारख्या एका कोनाड्यातल्या क्रुसासमोर उभ्या राहत आणि देवाला हँडओव्हर देत. मोठ्यानं, स्वच्छ मराठीत. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी जिन्यात बसून ऐकायची. "कॉट एक, सर्दी होती, उतरलीय. कॉट दोन, नवी आहे, अजून लाजते. कॉट तीन, घरची आठवण काढून रडते, पण जेवते. कॉट चारचा साहेब तिला त्रास देतो, त्याच्याकडे बघ. माझा गुडघा जुनाच. आता सगळं तुझ्याकडे." एवढं बोलून त्या दिवा घालवत. इतक्या बिनघोर आवाजात देवाशी बोललेलं मी दुसरं माणूस पाहिलेलं नाही.

असं सगळं असताना त्यांच्यात एक गाठ होती. ती मला पहिल्या दिवाळीत कळली.

आमच्या ऑफिसात दिवाळीला सगळ्यांना सुट्टी मिळत नसे. अमेरिकेला आपल्या लक्ष्मीपूजनाचं काय? म्हणून आपसांत अदलाबदल चाले. माझ्या एका सहकाऱ्यानं कबूल केलं होतं की धनत्रयोदशीच्या रात्री तो माझ्या जागी येईल, आणि मी यवतमाळची बस पकडेन. तो आलाच नाही. फोन बंद. माझी बस गेली. सकाळी मी फाटकातच रडायला लागले आणि म्हटलं, या माणसाशी मी जन्मात बोलणार नाही.

वाटलं होतं, सिस्टर समजूत काढतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. नाहीच बोलायचं."

मी रडायची थांबले.

"आत ये," त्या म्हणाल्या. आणि चहा टाकता टाकता, पाठमोऱ्याच, त्यांनी सांगितलं.

इस्पितळात त्यांची एक मैत्रीण होती. दोघी एकाच वर्षी रुजू झालेल्या. मैत्रीण शहरातल्या पेठेतली, मोठ्या एकत्र कुटुंबात दिलेली. दोघींचा करार होता: दिवाळीत मैत्रिणीची ड्यूटी सिस्टरनी करायची, नाताळात सिस्टरची ड्यूटी मैत्रिणीनं. वर्षानुवर्षं हे चाललं. एका नाताळाला सिस्टरची आई नगरहून मुद्दाम पुण्याला आली होती. तिला मुलीसोबत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जायचं होतं. सिस्टर चोवीसच्या रात्री ड्यूटीवर होत्या, सकाळी मैत्रीण येऊन वॉर्ड ताब्यात घेणार होती. ती आली नाही. आणि नर्सला एक नियम असतो. रिलीव्हर आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही.

"मी दिवसभर दाराकडे बघत राहिले," सिस्टर म्हणाल्या. "आई इकडे नवी साडी नेसून बसलेली. घरी पोचले तेव्हा ती तशीच साडीत झोपली होती. जानेवारीत ती गेली."

"आणि मैत्रीण?"

"दुसऱ्या दिवशी आली, काहीतरी सांगायला लागली. मी ऐकलं नाही. म्हटलं, रिलीव्हर आली नाही, विषय संपला."

विषय संपला म्हणजे खरोखरच संपला. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्या दोघी त्याच इस्पितळात होत्या. रोज एकमेकींना वॉर्डाचा हँडओव्हर द्यायच्या. बेड सहा, सलाईन चालू. बेड नऊ, उद्या टाके काढायचे. त्याच्या पलीकडे एक शब्द नाही. बढती झाली, नवरे गेले, निवृत्तीचे समारंभ झाले, तरी नाही.

माझा सहकारी चार दिवसांनी कामावर आला. त्याला डेंग्यू झाला होता, चेहरा उतरलेला. मी त्याला कॉफी आणून दिली. हे सिस्टरना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे निराशेनं पाहिलं. "चार दिवसांत विरघळलीस? तुमच्या पिढीत दम नाही." मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. माझ्या आवडत्या बाईचा तो हट्ट मला आवडला नाही, आणि तसं बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.

नाताळ आला. वडगाव शेरीत ख्रिस्ती घरं पुष्कळ, चांदण्या लागल्या, केकचे वास सुटले. आमचं घर अंधारात. पंचवीसला सकाळी सिस्टर पांढरी साडी नेसल्या, छातीला घड्याळ लावलं आणि इस्पितळाच्या बसला निघाल्या. दर वर्षी जात. तिथल्या एखाद्या नव्या ख्रिस्ती नर्सला उपासनेला सोडायचं, आणि ती परत येईपर्यंत आपण वॉर्डात बसून राहायचं.

"निवृत्त बाईला वॉर्डात बसू देतात?" मी विचारलं.

"नियमात बसत नाही. खुर्चीत बसते."

आमचा नाताळ सव्वीसला. त्या दिवशी चांदणी लागायची, करंज्या नि चकल्या बाहेर यायच्या, मटणाचा रस्सा शिजायचा, आणि शाकाहारी कॉट नंबर चारसाठी वेगळ्या भांड्यात भरली वांगी. गल्लीतले चिडवत, "सिस्टर, नाताळ काल झाला!" त्या म्हणत, "तुमचा झाला. माझा ड्यूटी संपवून येतो."

पण पहिल्या वर्षी त्या पंचवीसच्या दुपारी, मी झोपेतून उठत असताना, बेल वाजली. दारात एक ठेंगणीशी वयस्कर बाई, खांद्याला कापडी पिशवी. "आहे का ती घरी?"

"नाहीत. इस्पितळात गेल्यात. संध्याकाळी भेटतील."

"माहीत आहे हो," त्या म्हणाल्या, आणि मग मला उमगलं की त्या कोण असाव्यात. त्या आता वारज्याला मुलाकडे राहत. स्वारगेटला बस बदलून, तासन्‌तास प्रवास करून, सिस्टर नक्की घरी नसतील अशा दिवशी येत. पिशवीतून डबा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. नारळाच्या वड्या. "तिचा गुडघा कसा आहे? जिना चढते का? मी विचारलं म्हणून सांगू नका."

मी त्यांना पाणी दिलं. जाता जाता त्या फाटकाशी थांबल्या. "एकदा मला बोलू दिलं असतं तिनं, तर बरं झालं असतं. माझी चूकच होती, ती झाकायची नाहीये. पण ऐकून न घेता दिलेली शिक्षा फार लांबते. आता आमची वयं झाली. कोण आधी जाईल सांगता येत नाही."

संध्याकाळी सिस्टरनी डबा पाहिला. कुणी दिला, हे विचारलं नाही. "तुम्ही खा," म्हणाल्या. स्वतः कणसुद्धा घेतला नाही. भांडी घासता घासता मात्र सहज विचारल्यासारखं विचारलं, "बारीक झालीय का?"

"बारीकच आहेत."

"पूर्वी चांगली गुटगुटीत होती." मग डबा पुसून त्यांनी त्यात मूठभर साखर घातली आणि झाकण लावलं. रिकामा डबा परत करू नये. "पुढच्या वर्षी आली की दे. भांडण वेगळं आणि रीत वेगळी."

तो डबा मला नंतर द्यायला मिळाला की नाही, ते आठवत नाही. पुढच्या वर्षीचा डिसेंबर वेगळाच गेला.

त्या महिन्यात एका पहाटे मी गाडीतून उतरले. सिस्टर फाटकाशी होत्या. त्यांनी फाटक उघडलं आणि काही विचारलंच नाही. मी म्हटलं, "सिस्टर, आज सगळं शांत होतं." त्यांनी मान हलवली आणि भिंतीला हात लावून आत गेल्या. मी जिना चढायच्या ऐवजी त्यांच्या मागे धावले. पोट धरून त्या पलंगावर बसल्या होत्या, घामानं चिंब. कधीपासून दुखतंय, तर म्हणे दिवाळीपासून. आम्हा चौघींना शिंक आली तरी पळणारी बाई आपलं दुखणं दोन महिने दाबून बसली होती. मला इतका राग आला की मी रिक्षात त्यांना अख्ख्या रस्ताभर बोलत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "बोल, बोल. तब्येत चांगली आहे तुझी."

पित्ताशयात खडे होते. डॉक्टरांनी थांबायला ठाम नकार दिला. नाताळाच्या दोन दिवस आधी नगर रोडवरच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. मोठा छेद, बरेच टाके. जवळचं माणूस म्हणजे नगरचा एक थकलेला भाऊ, त्याला बोलावू नका अशी सक्त ताकीद. मग आम्ही चार कॉटनी पाळ्या लावल्या. एक जण उठली की दुसरी तिथं हवी.

पेशंट म्हणून सिस्टर भयंकर होत्या. तिथल्या पोरसवदा नर्सेसना त्या सलाईनचे थेंब मोजायला शिकवत. डॉक्टरांना त्यांचं अक्षर सुधारायला सांगितलं. स्वागतकक्षात कुणीतरी खोट्या झाडावर बर्फ म्हणून कापूस पसरला होता, तो पाहून त्या स्ट्रेचरवरूनच म्हणाल्या होत्या, "ड्रेसिंगचा कापूस आहे तो. वाया घालवलाय." पण चोवीसला संध्याकाळी त्या जरा गप्प झाल्या. इस्पितळात फोन लावायला लावला आणि तिथल्या कुणा मुलीला सांगितलं, "उद्या मी येत नाहीये. माझी वाट बघत बसू नकोस. आजच दुसरं कुणी ठरव." फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "वाट बघणं वाईट."

पंचवीसला मी ऑफिसातून थेट नर्सिंग होमला गेले. सकाळ चढली, मला रिलीव्ह करायला येणारी कॉट नंबर एक काही येईना. मग तिचाच फोन आला. घाबरलेली होती. "अगं, त्या वारज्याच्या बाई आल्यात घरी. मी सांगून बसले की सिस्टरचं ऑपरेशन झालंय. त्या म्हणाल्या, आज मी जाते तिथं. मी काही बोलायच्या आत रिक्षात बसल्यासुद्धा. आता?"

मी फोन बंद केला. सिस्टर खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण ज्या बाईनं मला खरा रिपोर्ट द्यायला शिकवलं, तिच्याशी खोटं कसं बोलणार? "वारज्याहून येतायत," मी म्हटलं. "कॉट एकच्या जागी."

त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या. मी उठून खुर्ची सरकवली, पाण्याचं भांडं पुसलं, पुन्हा पुसलं. दूरच्या कुठल्या तरी चर्चची घंटा वाजत होती. सिस्टर "परत पाठव तिला" म्हणाल्या असत्या, तर मला तेच करावं लागलं असतं. आणि त्या बाईला परत वारज्याला पाठवलं असतं, तर पुन्हा कधी ती आली असती असं मला वाटत नव्हतं.

त्या आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, पदर खोचला, हात धुतले आणि कॉटच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. जवळ गेल्या नाहीत.

"ड्यूटीवर आलेय," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी मान वळवली. खूप वेळ पाहिलं. मग नजर माझ्याकडे आली. "तीन नंबर, उभी काय राहिलीस? हँडओव्हर दे."

मी दिला. असा हँडओव्हर मी आयुष्यात पुन्हा दिलेला नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन, दुसरा दिवस. ताप नाही. रात्री वेदना होत्या, इंजेक्शन दिलं. सकाळपासून घोटघोट पाणी, उलटी नाही. सलाईन संपत आलंय. कूस वळायला मदत लागते, पण मागत नाहीत. त्या बाई हात जोडल्यासारखे पुढे धरून ऐकत होत्या, मध्येच मान हलवत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "लघवी?" मी म्हटलं, "झाली." म्हणाल्या, "ठीक. तुम्ही जा आता."

मी पर्स उचलली. दारापर्यंत गेले. खरं तर जायला हवं होतं. पण मी दाराशी थांबले, आणि कुणी मला हाकललं नाही.

"त्या दिवशी," सिस्टर छताकडे बघत म्हणाल्या, "काय झालं होतं?"

एवढी वर्षं त्या बाईंनी याच प्रश्नाची वाट पाहिली होती. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या रात्री कळलं. सासूबाई म्हणाल्या, उद्या कुठंही जायचं नाही, पोहे तू कर. मी म्हटलं, माझी ड्यूटी आहे. सासरे म्हणाले, ड्यूटी मोठी की घर? माझं तोंड मिटलं. नवी नव्हते मी, पण घाबरले. दोन घरं सोडून फोन होता, तिथवर जायचासुद्धा धीर झाला नाही." त्यांनी खोचलेला पदर सोडवला. "तिकडे तुझी आई नवी साडी नेसून बसली होती, आणि मी कांदेपोहे करत होते. एवढी क्षुल्लक गोष्ट. दुसऱ्या दिवशी ती तुला सांगायला आले. मग तुझी आई गेली. त्यानंतर ती कुठल्या तोंडानं सांगायची?"

त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. सिस्टरच्याही डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि हाताला सुई असल्यानं त्यांना ते पुसता येत नव्हतं. कॉरिडॉरमधून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"मग?" सिस्टरनी विचारलं. "पसंत पडली का नणंद?"

"कुठली पडतेय," त्या बाई नाक पुसत म्हणाल्या. "पाहुणे म्हणाले, पोहे फार तिखट आहेत."

आधी काही झालं नाही. मग सिस्टरचा खांदा हलला. मला वाटलं, हुंदका आहे. पण तो हुंदका नव्हता. "तुझ्या हातचे," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुझ्या हातचे पोहे..." आणि पोटावरच्या टाक्यांना कळ लागून कळवळल्या. "अगं, दुखतंय, हसवू नकोस मेले..."

मी पुढे धावले, पण त्या बाई माझ्या आधी उठल्या होत्या. त्यांनी उशाची जास्तीची उशी ओढली, घडी करून सिस्टरच्या पोटावर टाक्यांवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून धरली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता हास."